मोकळं की धरून?

विसपुते रबराची रिंग टेबलावर ठेवतो, तिच्यावर धुतलेला पंचा पांघरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प करतो. विचारलं तर म्हणतो, "आत्ताच प्रेसमधून निघालीय. अंग गरम आहे तिचं. उद्या सकाळी मोजू."

आमच्याकडे बाळंतिणीची पण इतकी बडदास्त नाय ठेवत.

मी वैशाखऱ्याचा; मुरबाडच्या पुढं आमचं गाव. मुरबाडच्या एका शेडमध्ये रबराच्या प्रेसवर माझी हयात गेली. पाण्याच्या मोठ्या पाइपांच्या जोडात बसते ती रिंग आमी काढतो. परातीएवढी रुंद, पण अंगानं बारीक; उचलली की धामणीसारखी लोंबते. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाय. पण रबर शिजलं की कच्चं राहिलं ते मला वासावर कळतं. म्हणून दोन वर्षांमागं मालकानं माल तपासायला विसपुत्याला आणून बसवलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं माझा माल तपासायला कोण लागला नाय, मग आताच का?

त्यात कळलं, शहापूरकडच्या ज्या कंपनीला आमच्या रिंगा जातात तिथूनच हा रिटायर झालेला. म्हणजे त्यांचा माणूस. इथं बसून तिकडं खबर देणार. मी शेडमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं, याच्यापुढं तोंड उघडायचं नाय.

पहिल्याच आठवड्यात आमची चकमक उडाली. मी रिंगेची जाडी मोजत होतो. माप जरा जास्त दिसलं, म्हणून व्हर्निअर अंगठ्यानं थोडा मायेनं दाबला. आलं बरोबर. शेडमध्ये सगळे असंच मोजतात. मागं बघतो तर विसपुते उभा.

"भगवानराव, माप घेताय की लिंबू पिळताय?"

"माप आलं ना? मग?"

"अहो, तुम्ही दाबाल तेवढं येणारच. रबर आहे ते. कोणालाच नाही म्हणत नाही."

आणि मग त्याचा कायमचा सवाल, "आधी मला सांगा, मोकळं मोजायचं की धरून?"

त्याचं म्हणणं असं. लोखंडाचा ठोकळा कुठंही ठेवा, माप तेच. पण रबर, पातळ पत्रा, असल्या वाकणाऱ्या वस्तूंची मापं दोन. मोकळी टाकली की एक, आपल्या जागी धरून बसवली की दुसरं. दोन्ही खरी. त्यातलं कुठलं घ्यायचं ते ड्रॉइंगवर लिहिलेलं पाहिजे. "नाहीतर ते ड्रॉइंग नाही भगवानराव, रांगोळी आहे रांगोळी!"

हे खूळ शेडपुरतं असतं तर ठीक. मुरबाडच्या शिंप्याकडं यानं पोट सोडून माप दिलं, मग आत ओढून दिलं, आणि दोन्ही वेगवेगळ्या ओळीत लिहायला लावली. शिंपी म्हणाला, "काका, शर्ट एकच शिवायचाय ना?"

म्हसा गावच्या जत्रेत तर मी याच्या मागावरच होतो. म्हटलं बघू, कंपनीच्या कोणाला भेटतो. हा थांबला घोंगडीवाल्यापाशी.

"लांबी किती?"

"सात हात. या, बघून घ्या!" घोंगडीवाल्यानं आणि त्याच्या भावानं दोन टोकं धरून ताणली.

"ही ताणून झाली. मोकळी किती?"

"मोकळी म्हंजे?"

विसपुत्यानं घोंगडी जमिनीवर पसरली, हात फिरवला आणि शेजारी उकिडवा बसला. ती सैल पडायची वाट बघत. भोवती माणसं जमली. एक म्हातारी मला विचारते, "कोण गेलं रे?" शेवटी भरली साडेसहा हात. घोंगडीवाला खजील झाला. आणि विसपुत्यानं काय करावं? घासाघीस न करता ती घेतली, वर त्याला म्हणाला, "खरं सांगितलं असतं तरी घेतलीच असती."

माल कमी भरला तरी भाव पाडत नाय, हा माणूस सरळ असूच शकत नाय, असं मी तेव्हाच ठरवलं.

मग यंदा तो दिवस आला. शहापूरच्या कंपनीनं टेम्पोभर रिंगा परत पाठवल्या. तिथं तपासणीला नवीन माणसं आली होती, मोजायचं नवं मशीन आलं होतं. त्यांचं म्हणणं, रिंगा गोल नायत, अंड्यासारख्या आहेत. मालकानं मला सगळ्यांदेखत सांगितलं, "भगवानबाबा, आता डोळे साथ देत नसतील. हा माल कंपनीनं नाय घेतला तर प्रेसवर दुसरा माणूस बसवतो."

माझ्या हाताखाली आलेलं रबर अंड्यासारखं? हे कोणाचं काम ते मला तिथंच कळलं. तडक विसपुत्याच्या खोलीत गेलो. रिंगेचं ड्रॉइंग पसरलेलं, हातात लाल पेन. मला बघताच यानं कागदाच्या कोपऱ्यावर पंजा ठेवला.

"काय लपवताय?"

"काही नाही. उद्या रिंगा घेऊन मी कंपनीत जातोय."

"मी पण येणार. तुमी तिकडं काय बोलता ते मला ऐकायचंय."

"या की," तो म्हणाला. तेही इतक्या खुशीत, की माझा संशय दुप्पट झाला.

कंपनीच्या गेटवर वॉचमननं विचारलं, "कोणाकडे? आधार कार्ड दाखवा." विसपुते म्हणाला, "अहो, मी इथंच तीस वर्षं..." आणि पुढं न बोलता कार्ड काढून दिलं. आत तपासणीच्या मॅडम भेटल्या, वयानं माझ्या नातीएवढ्या. यानं दोन जुन्या माणसांची नावं विचारली. मॅडमना कोणीच माहीत नव्हतं.

त्यांनी आमची रिंग मशीनच्या टेबलावर मोकळी ठेवली. "बघा काका. इकडून जास्त, तिकडून कमी."

विसपुत्यानं पिशवीतून लोखंडी चकती काढली. पाइपाच्या जोडात जशी खाच असते तशीच खाच तिच्यावर. रिंग त्यात बसवली, वरून कडं ठेवलं, आठ बोल्ट लावले. मी पाना पुढं केला तर म्हणाला, "पाना नको. हातानं आवळा. जास्त आवळलं तर तेही खोटंच." मी आवळले. मशीन फिरलं. आठही ठिकाणी माप लिमिटमध्ये.

मॅडम म्हणाल्या, "अशी बरोबर येते, मान्य. पण बसवून मोजा असं ड्रॉइंगवर कुठे लिहिलंय? नसेल तर माल रिजेक्ट."

मला वाटलं, आता हा हात झटकणार आणि माझी मान पुढं करणार. विसपुत्यानं ड्रॉइंग उलगडलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही सही वाचा. माझी आहे. हे ड्रॉइंग मीच काढलं. तपासणारा तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, त्याला सगळं ठाऊक होतं, म्हणून मी ती ओळ लिहिली नाही. चूक माझी. यांच्या हाताची नाही."

मग लाल पेनानं लिहिलेली ओळ त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली, "माप रिंग जागेवर बसवून, आठही बोल्ट हातानं आवळून घ्यावे." लोकांच्या ड्रॉइंगला रांगोळी म्हणणारा हा माणूस. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

मॅडमनी साहेबांना विचारलं, दुरुस्ती मंजूर करून घेतली आणि माल ठेवून घेतला. प्रेस माझीच राहिली.

परत येताना एसटीत बसलो. मुरबाड आलं. विसपुते तिथंच राहतो.

"विसपुते, मुरबाड."

"हो, बघितलं," म्हणाला आणि बसून राहिला. आता याला आणखी काय पाहिजे? थेट वैशाखऱ्यापर्यंत आला, माझ्या मागोमाग घरात. आमच्या हिनं विचारलं, "भावजी, घरी कोण असतं?"

"कुकर," तो म्हणाला आणि एकटाच हसला.

हिनं भाकऱ्या टाकल्या. मुरबाडला जाणारी साडेसातची शेवटची एसटी आमच्या दारावरून जाते. थांबली, हॉर्न वाजला, कंडक्टरनं घंटी दिली. विसपुते दाराकडंच तोंड करून बसला होता, पण ताटातली चटणी बोटानं सारखी करत राहिला. गाडीचा आवाज पार लांब गेला, तेव्हा म्हणाला, "गेली वाटतं."

मी गादी घातली आणि तोंडावर सांगितलं, "तुमी बघून सोडलीत गाडी."

तो उशीचा अभ्रा नीट करत होता. "हो," म्हणाला.

"मग उद्याची पण सोडा," मी म्हटलं. "हिनं वाल भिजत घातलेत. सोलायला माणूस पाहिजे."