कोरडा नाणी ट्रॅप

"आते लिगाया, घरात काही मेलंय का गं तुझ्या?" नेनिताने दारातूनच नाकाला रुमाल लावून विचारलं.

"सुके मासे तळलेत सकाळी," लिगाया म्हणाली.

"मासे मीही तळते. त्या वासाने भूक लागते. या वासाने जेवलेलं वर येतंय!"

नेनिता लिगायाची शेजारीण, वयाने लहान म्हणून तिला 'आते', म्हणजे ताई, म्हणणारी, आणि मारिकिना शहरातल्या त्या पाच मजली इमारतीच्या समितीची अध्यक्षही. म्हणजे तक्रार करणारी तीच आणि ऐकून घेणारीही तीच. लिगायाने दार हळूच लोटून घेतलं. वास कुठून येतो ते तिला पक्कं ठाऊक होतं.

नवरा गेल्यापासून तिचे एकटीचे कपडे ते किती. न्हाणीघरातच धुऊन व्हायचे. मागच्या मोरीत पाण्याचा थेंब पडत नव्हता. मोरीच्या जाळीखाली नाणी ट्रॅप असतो, म्हणजे नळीचं एक वाकडं वळण. त्यात चार बोटं पाणी कायम उभं असतं आणि ते गटाराची घाण आणि पाइपातला आवाज घरात शिरू देत नाही. उन्हाळ्यात ते पाणी आटलं आणि वास सुटला. लिगाया बादली भरून ओतायला वाकली, तोच जाळीतून गाणं आलं.

पुरुषाचा आवाज होता. गाणं जुनं, प्रेमाचं. गळा काही फार तयारीचा नव्हता, वर गेला की फाटायचा. पण समोर कुणी रुसून बसलंय आणि तिची समजूत काढायचीय, असा तो गात होता. या घरात पूर्वी रेडिओ होता, भांडण होतं, घोरणं होतं. आता बुटांचे वरचे भाग शिवणारं तिचं मशीन तेवढं बोलायचं. लिगायाने बादली खाली ठेवली आणि मशीन ओढत मोरीच्या दाराशी आणलं.

मग रोज संध्याकाळी ती तिथेच शिवत बसू लागली, नाकावर फडकं बांधून. जिन्यात पुरुष दिसला की त्याच्या तोंडाकडे बघायची सवय लागली. मोऱ्यांचा उभा पाइप एकच, म्हणजे आवाज याच ओळीतला. चौथ्या मजल्यावरचा उंच पोलीस असेल? एकदा तो "सरका" म्हणाला आणि तिचा जीव भांड्यात पडला. हा नव्हे. पाचव्यावरचा रुफिनो तर तिच्या हिशेबातच नव्हता. बुटका, टकला, समोर कुणी आलं की भिंतीला चिकटून वाट देणारा.

इकडे वासाने इमारत ढवळून निघाली. नेनिताने गच्चीवरची टाकी उपसायला लावली, दोन दिवस सगळे बिनअंघोळीचे राहिले आणि वासात भरच पडली. पोलिसाची मांजर पाइपात पडून मेली, अशी आवई उठली. पोलीस रडला. मांजर पुढच्या गल्लीतून लठ्ठ होऊन परतली, तरी वास होताच.

शेवटी नेनिता तेबान प्लंबरला घेऊन थेट लिगायाच्या मोरीत घुसली. त्याने जाळी उचलून बॅटरी मारली.

"ट्रॅप कोरडा ठणठणीत पडलाय. बादलीभर पाणी ओता, झालं काम."

"मी ओतते नंतर," लिगाया घाईने म्हणाली.

"नंतर कशाला? महिनाभर नाक धरून फिरतेय मी!" नेनिताने भरलेली बादली उचलली.

"नेनिता, थांब ना गं जरा."

"का थांबू?"

तेवढ्यात जाळीतून काकुळतीचा आवाज आला, "नका हो ओतू!"

नेनिताच्या हातून बादली निसटली ती तेबानच्या पायावर. ती छातीवर क्रूस काढत भिंतीला टेकली. तेबान एका पायावर उभा राहून हसायला लागला.

"भूत नाही, बाई. नुसता हा एकच ट्रॅप कोरडा असता तर इतका स्वच्छ आवाज आला नसता. दुसऱ्या टोकालाही कुणीतरी पाणी ओतलेलं नाही."

सगळे मजले चढत गेले. पाचव्यावर रुफिनोने दार उघडलं. त्याच्या मोरीत जाळीशेजारी खुर्ची होती, खुर्चीवर उशी.

"कुया रुफिनो, मागच्या आठवड्यात तुम्हाला विचारलं, तर म्हणालात रोज ओततो!" रागातही त्याला 'कुया', म्हणजे दादा, म्हणत नेनिता कडाडली.

रुफिनो कुणाकडेच बघेना. "खालून मशीनचा आवाज येतो संध्याकाळी," तो पुटपुटला. "घरात कुणी काम करत बसलंय असं वाटतं. मग गावंसं वाटतं."

लिगायाला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. नेनिताने मात्र दोन्ही ट्रॅप स्वतःच्या हाताने काठोकाठ भरले आणि तेबानला लंगडत घरी पाठवलं.

त्या संध्याकाळी वास नव्हता. लिगायाने मशीन चालवलं, थांबवलं, कान दिला. काहीच नाही. अशी स्वच्छ हवा तिला सोसवेना. तिने केस विंचरले आणि जिना चढून पाचव्यावर गेली.

रुफिनोने दार उघडलं आणि सवयीने भिंतीला चिकटून वाट दिली. आत येत ती म्हणाली, "आज गायला नाहीत."

"तुम्हाला ऐकू गेलं नसतं."

"आता आलेय ना. गा."

त्याने तोंड उघडलं, मिटलं. कान लाल झाले. "समोर कुणी असलं की नाही जमत हो मला."

"मग मोरीत जा आणि दार लावून घ्या," लिगाया मोरीतली खुर्ची बाहेर ओढत म्हणाली. "मी बसते बाहेर."