फाट्यावरचा ट्राय

माणसाच्या प्रगतीत चाकाचा वाटा मोठा आहे; पण जागचं न हलता पुढे गेल्यासारखं दिसण्याची सोय इंग्रजी भाषेनेच करून दिली. समुद्रपूर-गिरड रस्त्याच्या आतल्या एका गावात ही सोय १९७८ साली पोचली. (वीज नंतर आली.) सरपंच सदाशिवराव कामासाठी वर्ध्याला गेले होते. साहेबांचं 'ट्राय करतो' ऐकून ते इतके तृप्त होऊन परतले, की काम झालंच नाही हे त्यांना जेवायला बसल्यावर आठवलं.

त्याआधी गावात फार रानटीपणा होता. काम करायचं नसलं की माणूस तोंडावर 'नाई होत' म्हणायचा, आणि दोन घरांचं एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद व्हायचं. ट्राय आला नि भांडणं मिटली. अर्थही लगेच रुळले. 'ट्राय करतो' म्हणजे आता घरी जा. 'ट्राय करून राह्यलो' म्हणजे पुन्हा आलास? आणि 'लय ट्राय केला' म्हणजे काम बुडालं, पण सांगणारा दमला आहे, त्याला चहा पाजा. गावातली शंभरातली नव्व्याण्णव माणसं हे क्रियापद अचूक वापरत. शंभरावी आनंदाबाई.

तिची जयवंता सातवी पास झाली होती. गावची शाळा तिथेच संपायची. आठवी समुद्रपूरला, आणि समुद्रपूरची बस फाट्यावरून जायची खरी, पण थांबत नसे. जयवंताच्या बापाने, नत्थूजींनी, साफ सांगितलं होतं, "बस थांबली तं शाळा. नाई तं यंदा सोयरीक." पोरगी तेरा वर्षांची होती.

आनंदाबाई सरपंचांकडे गेली. "भाऊ, फाट्यावर बस थांबवा ना. पोरीले शिकाचं हाये."

"ट्राय करतो, बाई."

गावातलेच बबनराव बसस्टँडवर बाबू होते. तेही ट्राय करतो म्हणाले. दुकानदार रूपराव तिचे चुलत दीर, त्यांच्या वर्ध्यात ओळखी. त्यांनी 'फुल ट्राय' कबूल केला. (हा वरच्या प्रतीचा माल असून फक्त नात्यात मिळतो.)

आनंदाबाईला वाटलं, ट्राय म्हणजे काम. तीन मोठी माणसं कामाला लागली, म्हणजे शाळा उघडेल त्या सोमवारी बस थांबणारच. गावाला पहिली बस आली की तिला हार घालायचा, नारळ फोडायचा, ही तिकडची रीत. तिने कण्हेरीचा हार ओवला, नारळ आणला, वाटायला गूळ-शेंगदाणे घेतले आणि तिघांना मानाने बोलावणं केलं.

तिघेही आले. (सत्काराला गैरहजर राहण्याचा प्रघात तालुक्यात नाही.) उरलेल्या दोघांपैकी कुणीतरी खरंच काही केलं असावं असं प्रत्येकाला वाटलं, आणि आपल्याला न विचारता केल्याचा रागही आला.

बस दिसली. जयवंता दप्तर सावरत पुढे झाली. सरपंचांनी नारळ उचलला. बस गेली.

धूर विरला.

"काऊन थांबली नाई, भाऊ?" आनंदाबाईने विचारलं.

"लय ट्राय केला, बाई," तिघेही म्हणाले, आणि खरोखरच दमलेले दिसले. हार वाया जाऊ नये म्हणून सरपंचांनी तो स्वतःच घालून घेतला. नारळ मात्र गोड निघाला.

फाल्गुनात जयवंताचं लग्न झालं. वऱ्हाडाची बस फाट्यावर थांबली. ड्रायव्हर तोच होता. पोरीला निरोप देताना आया रडतातच. आनंदाबाई मात्र त्या थांबलेल्या बसकडे बघून रडली, आणि ते बघवत नव्हतं.

पुढच्या निवडणुकीत सदाशिवराव हात जोडून तिच्या दारात आले. "आनंदाबाई, मत आपल्यालेच ना?"

"ट्राय करतो, भाऊ."

अशा रीतीने गावातली इंग्रजीची साक्षरता शंभर टक्के झाली.

वाचकहो, हे वाचून तुम्हाला त्या तिघांचा राग आला असेल. येणारच, तुम्ही भले लोक. तुमच्याही रोजच्या रस्त्यावर एखादा फाटा असेल, तिथे दप्तर घेतलेली एखादी पोर हात दाखवत असेल. उद्या तिच्यासाठी थांबाल ना? राहू द्या, मोठ्याने सांगू नका. तुमचं उत्तर आता आनंदाबाईलाही कळतं.