न आलेल्या तांदळाची शंभर पोती

भिकाजी गोदामातल्या मालाला घरे देत असे. कप्प्यांना क्रमांक होते. ते त्याने कधी वापरले नाहीत. पोर्ट लुई बंदरालगतच्या आमच्या गोदामात मसूर 'पार्वतीमावशीकडे' असे, साबण 'लक्ष्मण सुताराच्या ओसरीवर', आणि खारवलेली मासळी 'धाकट्या सुनेकडे', कारण तिला वास येत नसे. ही सारी पेती राफ्रे या त्याच्या गावातील, लहानपणीच्या गल्लीतली घरे. चोवीस कप्पे, चोवीस घरे.

मी त्या गोदामाचा व्यवस्थापक होतो. विनोदाची मला आवड नाही. तरीही नमूद करणे भाग आहे की बावीस वर्षांत भिकाजीचे एकही पोते हरवले नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे संगणक आला. कोणता माल कुठे ठेवावा, हे यापुढे तो सांगणार होता. आधी आठवडाभर भिकाजीने त्याची चाचणी घ्यावी, ती यशस्वी झाली की सोमवारपासून क्रमांक सुरू आणि घरे बंद, असे वरून ठरले. भिकाजी म्हणाला, "कोरेक." कोरेक म्हणजे ठीक. त्याच्या तोंडी या शब्दाला अकरा अर्थ होते; हा युद्धाचा होता.

प्रोग्राम लिहिणाऱ्या सविताबाई रोझ हिलच्या. त्यांना मराठी समजे, पण उत्तर त्या बेटावरच्या क्रेओल बोलीत देत. पहिल्या दिवशी त्यांनी नमुन्यादाखल शंभर पोती तांदूळ आल्याची नोंद केली. तांदूळ अर्थातच नव्हता. परंतु कागदावर आलेला माल भिकाजीने आजवर नाकारलेला नव्हता. यंत्राने सातवा कप्पा सांगताच त्याने लक्ष्मण सुताराचा साबण हलवला, जागा झाडली आणि चार हमालांना न आलेला तांदूळ वाहायला लावला. ते रिकाम्या खांद्यांनी, वाकून, रांगेने येत-जात राहिले. साठाव्या पोत्याला एकाने कंबर धरल्याची तक्रार केली. भिकाजीने त्याला चहा पाजला. दुसऱ्याने शीळ घालत दोन पोती एकदम उचलली, तेव्हा मात्र त्याला खडसावले. पोते फाटले तर झाडायचे कुणी?

सविताबाईंनी मला बोलावून आणले. हे काय चालले आहे, असे मी विचारले.

"चाचणी, मिस्ये," भिकाजी म्हणाला. "मशीन म्हणतंय शंभर आली. आमची त्र्याण्णवच झालीत. मशीन जरा घाई करतंय."

दुसऱ्या दिवशी नमुन्याची साखर आली. त्यानंतर आलेली खऱ्या साखरेची लॉरी दुपारपर्यंत फाटकात उभी राहिली, कारण आत न आलेल्या मालाची दाटी झाली होती. खोटा माल पुसावा कसा, हे यंत्राला शिकवायचे राहून गेले होते, हा दोष त्यामुळेच सापडला. सविताबाई आधी रडवेल्या झाल्या, मग हसू लागल्या. आणि तिसऱ्या दिवशी मी त्यांना, सातव्या कप्प्यापाशी, न दिसणाऱ्या पोत्यांना वळसा घालून जाताना पाहिले.

शुक्रवारपर्यंत सारे जुळले, एक कप्पा सोडून. चौदावा. यंत्र तिथे पीठ ठेवायला सांगे. भिकाजी ठेवत नसे. तो कप्पा कायम रिकामा असतो, हे मला ठाऊक होते. का, ते मी कधी विचारले नव्हते. आता चाचणी त्यावरच अडली होती.

सविताबाईंनी विचारले. त्या घरी कोण राहते, तॉन्तॉन? 'काका' या अर्थाचा तो एक शब्द सोडला, तर त्या आठवड्यात प्रथमच त्या मराठीत बोलल्या.

"आमी," भिकाजी म्हणाला. "आय, बा आन् मी. सिक्लोन आलं त्या दिशी मी हितं बंदरावर कामाला होतो. परत गेलो तं छप्पर नाय, भिंती नाय. ती दोघंबी नाय." त्याने हातातला झाडू भिंतीला टेकवला. "गल्लीतल्यांनी आपापली घरं परत बांधली. मी कुणासाठी बांधू? हितं जागा झाडून ठेवतो. तेवढंच."

मग मी संगणकापुढे बसलो आणि एका बोटाने नोंद केली: कप्पा चौदा, छप्पर गळते, माल ठेवू नये. सविताबाईंनी चाचणीच्या तक्त्यावर 'यशस्वी' अशी खूण केली.

भिकाजीने पडद्यावरची ओळ सावकाश वाचली. "कोरेक, मिस्ये," तो म्हणाला. हा बारावा अर्थ होता.

माझ्या नोकरीतील ती एकमेव खोटी नोंद. छपराच्या दुरुस्तीविषयी वरून दोनदा विचारणा झाली. गवंडी मिळत नाही, असे मी दोन्ही वेळा लेखी कळवले.