महानंदाअक्का आणि घरचे आवाज

महानंदाअक्का कुणाच्याही दारावरच्या बेलला हात लावत नाहीत. दार वाजवतात, आणि तेही मापात. ‘ज्वारी, ज्वारी, सोयाबीन’ असं बोटांनी दारावर वाजवायचं आणि आतून तशीच टाळी आली तरच उंबरा ओलांडायचा, हा त्यांचा नियम. टाळी आली नाही तर पुन्हा वाजवतात. तरीही नाही आली तर ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “सुरेखा घरातच हाय, पर ताल द्यायला न्हाई.”

सुरेखा म्हणजे मी. बिदरच्या नौबाद भागात घराच्या खालच्या मजल्यावर मी बालवाडी चालवते आणि वरच्या मजल्यावर संसार. अक्का माझ्या बालवाडीत मुलांना ताल शिकवतात, त्यामुळे रोज सकाळी आमच्यापैकी कुणाला तरी टाळी द्यावीच लागते. आमचे हे एका सरकारी खात्यात बऱ्या हुद्द्यावर आहेत. एकदा मी बाजारात गेलेली, हे न्हाणीत, आणि अक्का दारात. अख्ख्या गल्लीनं त्या दिवशी न्हाणीच्या खिडकीतून साहेबांची साबणाच्या हातांची टाळी ऐकली. आता तर दूधवालाही दार तालातच वाजवतो. बेल बिघडलीय का, असं पाहुण्यांनी विचारलं की मी पोह्यांचा विषय काढते.

अक्का मूळच्या संतपूरच्या. तिथं त्यांनी उभं आयुष्य अंगणवाडी चालवली. यजमान गेल्यावर मुलानं त्यांना आमच्या मागच्या गल्लीत घर घेऊन दिलं आणि तो नोकरीवर, बेंगळुरूला परत गेला. रिकाम्या घरात अक्कांचे हात शिवशिवायला लागले असावेत. एक दिवस त्या बालवाडीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“लेकरं लई बेताल रडायलेत,” म्हणाल्या. “मी येऊ का?”

तेव्हापासून त्या येतात. त्यांच्या वर्गात तबला नाही की पेटी नाही. तेलाचा रिकामा डबा, परात, दोन लाटणी, एक सूप आणि पितळी तांब्या, एवढाच सरंजाम. बोलही त्यांचे स्वतःचे. एक ठोका म्हणजे ‘तूर’, दोन म्हणजे ‘ज्वारी’, तीन म्हणजे ‘सोयाबीन’ आणि चार ठोक्यांना ‘शेंगाचटणी’. आधी पाय, मग हात आणि सगळ्यात शेवटी तोंड. मुलं गोलात ‘तूर, तूर’ म्हणत एकेक पाऊल टाकत असतात, अक्का मधेच “शेंगाचटणी!” असं ओरडतात आणि सगळा गोल दुडूदुडू पळायला लागतो. ज्यांना अजून स्वतःच्या चड्डीची नाडी बांधता येत नाही अशी ही पोरं, पण यात चुकत नाहीत. कुणी म्हटलं, अक्का, मुलांना एखादं गाणं शिकवा की, तर म्हणतात, “गाणं पाव्हणं हाय. ताल घरचा मानूस.”

रडणाऱ्या मुलाला त्या गप्प करत नाहीत, त्याच्या रडण्याला टाळी देतात. मूल आधी गोंधळतं, मग टाळी थांबली की थांबतं, सुरू झाली की रडतं, आणि थोड्या वेळानं आपण रडतोय की खेळतोय हेच त्याला कळेनासं होतं. उपाय नामी आहे, त्यात वाद नाही. पण एकदा एक डॉक्टर जोडपं मुलीच्या प्रवेशासाठी शाळा बघायला आलं, तेव्हा जून महिना होता आणि अख्खी बालवाडी एका तालात रडत होती. अक्का मधोमध उभ्या राहून “आता जोरात! आता हळू!” असं सांगत होत्या. “हा आमचा एक उपक्रम आहे,” मी म्हणाले. ते दोघं चहासुद्धा न घेता गेले. मी त्या दिवशी अक्कांशी बोलले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मग एकदा तपासणीला वरून एक मॅडम आल्या. मुलांचा ज्वारी-सोयाबीनचा गजर ऐकून त्यांनी मला हळूच विचारलं, “हा आजचा आहार आहे का?” मी काही बोलायच्या आत अक्कांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना गोलात ओढलं. मॅडमनी चपला काढल्या, साडी सावरली आणि पोरांबरोबर एक फेरी मारली. फेरी संपल्यावर अक्कांनी सगळ्यांसमोर निकाल जाहीर केला.

“मॅडम, तुमचा उजवा पाय कामचोर हाय. सगळं डावाच करायलाय.”

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. जाताना मॅडम पायऱ्या उतरल्या त्या उजवा पाय जपून आधी टाकत.

या सगळ्यावर कडी म्हणजे ‘घरचा आवाज’. दर सोमवारी प्रत्येक मुलानं आपल्या घरातला एक आवाज नीट ऐकून यायचं आणि वर्गात वाजवून दाखवायचं. “लेकरू ऐकायला शिकलं की वाजवायला आपसूक शिकतंय,” असं अक्कांचं म्हणणं. म्हणणं खोटं नाही. पण मुलं घरात काय ऐकतात यावर कुणाचा ताबा असतो? किराणा दुकानदारांच्या नातवानं आजोबांचं घोरणं आणलं, शेवटच्या शिट्टीसकट. एका मुलीनं आईचं भाकरी थापणं आणलं. परातीवर थप, थप, थप, मग मधेच एक वेगळाच सणसणीत फटका, आणि पुन्हा थप, थप.

“हे मधलं काय गं?” अक्कांनी विचारलं.

“ते दादाच्या पाठीत.”

अक्का खूश. “बग सुरेखा, मारलं पर माऊलीनं ताल सोडला न्हाई!”

ती माऊली दुसऱ्या दिवशी नाकापर्यंत पदर ओढून मुलीला सोडायला आली. मीही तिच्याकडे न बघताच मुलीचं दप्तर घेतलं.

शेजारच्या बंटीनं तर स्वतःचं घर सोडून आमचंच घर आणलं. आमची भिंत एक आहे. तो उभा राहिला आणि “अहो!” असं ओरडला. थांबला. “अहो!” आणखी जोरात. पुन्हा थांबला. मग छताकडे बघत “अहोऽऽ!” आणि बऱ्याच वेळानं, अगदी बारीक आवाजात, “हं.” आमच्या मदतनीस बाई तोंडात पदर कोंबून बाहेर पळाल्या. अक्कांनी मात्र गंभीरपणे मान डोलावली. “साहेब जागा चांगली सोडतेत,” म्हणाल्या.

लाज नावाची वस्तू या बाईला देवानं दिलीच नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. त्यांच्या वाटणीची लाजही मलाच वाटायची. पालक भेटले की मी आधीच हसून म्हणायचे, “अक्का जुन्या वळणाच्या आहेत, तुम्ही मनावर घेऊ नका.”

अक्कांचा जीव अडकला होता तो एकाच ठिकाणी. त्यांची नात आद्या, बेंगळुरूची, चार वर्षांची. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. अक्का इकडून टाळी देतात, आद्या तिकडून देते, पण तिची टाळी इकडे पोचेपर्यंत अक्कांची पुढची पडलेली असते. मग अक्का थांबतात, तर तीही थांबते. “लेकरू बरोबर हाय,” अक्का मला सांगायच्या, “हा मोबाईल मागं पडायलाय. एका खोलीत बसून एकदा टाळी जुळली पायजे बग. एकदाच. मग तिला कोनी शिकवायची गरज न्हाई.”

मागच्या दिवाळीला त्या खास एवढ्यासाठी डबा आणि परात गोणपाटात बांधून बेंगळुरूला गेल्या. महिनाभर राहायचं ठरलं होतं. आठवड्यातच परत आल्या.

“काय झालं, अक्का?”

“तिथल्या भिंती पातळ हायेत,” एवढंच म्हणाल्या. मी जास्त विचारलं नाही.

स्नेहसंमेलन जवळ आलं की दरवर्षी आमची भांडणं ठरलेली. पालकांना सिनेमाच्या गाण्यांवर डान्स हवा असतो, अक्कांना स्टेजवर घरचे आवाज हवे असतात. यंदा मी भांडणाची तयारी करूनच बसले होते. तर अक्का स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, “या वर्षी घरचे आवाज नको, सुरेखा. डान्सच बसव. कलबुर्गीहून चांगला मास्तर आण.” मला आनंदानं काय करू नि काय नको झालं. का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ते मागाहून कळलं. अक्कांचा मुलगा विश्वनाथ आळंदला एका लग्नाला येणार होता आणि तिथून बायको-मुलीला घेऊन आमच्या कार्यक्रमाला.

कार्यक्रमाच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. अक्का नवीन इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन. एका बाजूला आद्या, तिच्या पलीकडे विश्वनाथ आणि सून. विश्वनाथ माणूस सज्जन. मला पाहून उठून उभा राहिला, नमस्कार केला.

“बाई, आई इथं नेमकं काय करते? फोनवर विचारलं की टाळती.”

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, “मी काय करायलेय? लेकरांचे डबे उघडून देते. झाकणं लई घट्ट असतेत.” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

इतक्या वर्षांत अक्कांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या बघण्यात मागणं होतं.

“हो ना,” मी म्हणाले, “अक्का नसल्या तर मुलं उपाशी राहतील.”

विश्वनाथचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग बरंय. दिवाळीला आमच्याकडं डबा-परात घेऊन आली होती. दोघी आजी-नात बडवायला बसल्या आणि खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन दारात. मला हात जोडून माफी मागावी लागली. म्हटलं, आई खेड्यातली आहे, तिला कळत नाही, मनावर घेऊ नका. आई बिचारी मागंच उभी होती. तेव्हापासून मला काळजीच लागली होती, इथंबी कुणाला त्रास द्यायली का काय.”

तो हे हसत सांगत होता, प्रेमानंच सांगत होता. अक्काही हसल्या. पालकांपुढं मी जे बोलत आले, त्यात आणि त्याच्या बोलण्यात काडीचा फरक नव्हता, आणि माझं बोलणं चाललेलं असताना अक्का कितीदा मागं उभ्या असतील कोण जाणे.

गाणं सुरू झालं. स्टेजवरच्या मुलांनी सवयीनं आधी अक्कांकडे पाहिलं. आधी अक्कांचा पाय पडतो, मग आपण हलायचं, एवढंच त्यांना ठाऊक. अक्कांनी नजर खाली घातली. मुलं खोळंबली. मग मास्तरानं बाजूनं हात हलवले तशी जो तो आपापल्या दिशेनं नाचू लागला. पालक मोबाईल उंच धरून उभे होते, कुणालाच काही खटकलं नाही. मी इतकी वर्षं मागत होते तसाच कार्यक्रम चालला होता, आणि माझ्यानं तो बघवत नव्हता.

तेवढ्यात मला आवाज आला. आद्या खुर्चीत मागे सरकून बसली होती, पाय अधांतरी. तिची टाच खुर्चीच्या पायावर पडत होती. टक्, टक्. अगदी ठोक्यावर. स्टेजवरच्या एकाही मुलाचा पाय तसा पडत नव्हता. अक्कांची मान झटकन वळली. तो चेहरा मी कधी विसरणार नाही, इतका तो उजळला. पदराखाली त्यांची बोटं हलायला लागली. पोरीनं आजीकडे पाहिलं आणि टाच आणखी जोरात मारली. तिला उत्तर हवं होतं.

अक्कांनी मुलाकडे पाहिलं. तो समोर बघत होता. मग त्यांनी पदराखालून हात काढला आणि त्या इवल्या पायावर ठेवला. पाय थांबला.

“का गं, अज्जी?”

“गप बसावं, बाळा,” अक्का म्हणाल्या. “चांगली लेकरं आवाज करत न्हाईत.”

हे त्या बोलल्या. महानंदाअक्का! मला स्वतःची इतकी लाज वाटली की अक्कांची कधी तेवढी वाटली नव्हती. पुढं होऊन विश्वनाथला सगळं सांगावं असं तोंडापर्यंत आलं, पण त्यांनी माझ्याकडे गप्प राहणं मागितलं होतं आणि मी ते कबूल करून बसले होते.

नाच संपला. माईक माझ्याच हातात होता. सवयीनं मी म्हणाले, “चिमुकल्यांसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत.” सगळ्यांनी वाजवल्या, विश्वनाथनं वाजवल्या, आद्यानंही वाजवल्या, आजीकडे बघत बघत. अक्कांचा हात मोकळा नव्हता. त्यांनी तो पाय अजून धरूनच ठेवला होता.