हवा कापणारा डोमाजी

डोमाजीने माझ्या दुकानातून नवी कोरी सायकल घेतली आणि दुकानाच्या पायरीवरच बसून ती सोलायला सुरुवात केली. आधी घंटी काढली. मग कॅरिअर, स्टँड, दोन्ही मडगार्ड, चेनकव्हर. एकेक वस्तू बाजूला ठेवताना तिला दटावत होता, "काहून अडवतं गा हवेले?"

नेमका तेव्हा काटोलकडचा एक संत्र्यांचा बागाईतदार पोरासाठी सायकल घ्यायला आला होता. भाव ठरत आला होता. त्याने पायरीवरचा ढीग पाहिला आणि म्हणाला, "हे सगळं नसलं तरी चालते काय? मंग त्याचे कमी करा ना!" कडुलिंबाखाली पंप आणि पंक्चरची पेटी घेऊन बसलो, तेव्हापासून महाल भागातल्या या दुकानापर्यंत मला भावात कुणी हरवलं नव्हतं. त्या दिवशी हरलो. गिऱ्हाईक गेल्यावर मी डोमाजीवर इतका ओरडलो की समोरचा चिवडेवाला बाहेर आला. डोमाजी शांतपणे म्हणाला, "मडगार्ड वापस घेतं काय?"

ते मडगार्ड अजून माझ्या माळ्यावर पडून आहेत. माझा रागही उतरलेला नाही.

डोमाजी जन्माने विणकर. हातमागावर पोट भरेना तेव्हा हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला. कामावर कंपनीच्या बसने जायचा. सायकल त्याला हवी होती ती वर्षातल्या एका सकाळसाठी. एका व्यायामशाळेने दिवाळीनंतर अंबाझरीला तिहेरी शर्यत सुरू केली होती. आधी तलावात पोहायचं, मग सायकलने हिंगण्याच्या रस्त्यावर जाऊन यायचं आणि शेवटी पळायचं. सकाळी दहा वाजायच्या आत जो टेबलापाशी पोचेल त्याचं नाव रजिस्टरात चढायचं. आदल्या वर्षी डोमाजी पोचला तेव्हा टेबल हातगाडीवर चढलं होतं. तो हातगाडीच्या बाजूने पळत "लिहून घ्या ना भाऊ" म्हणत राहिला. कुणी लिहिलं नाही. बक्षिसाचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला रजिस्टरात नाव हवं होतं.

"डोमाजी, पंचेचाळीसचा झाला तू. पाय थकले गा," मी म्हटलं.

"पाय बरोबर आहेत. हवा आडवी येऊन राहिली."

मे महिन्यात त्याने माझ्या दुकानातल्या कूलरचा ताबा घेतला. सायकल कूलरसमोर उभी करायची, मी ती मागून धरायची आणि हा वर बसून वाकायचा. हँडल त्याने उलटं बसवलं होतं. सीट इतकी उंच की बसल्यावर डोकं कमरेच्या खाली जायचं. तोंडासमोर पेटती उदबत्ती. "धूर कुठं अडते ते पाह्य," म्हणायचा. धूर मिशीपाशी अडला. दुसऱ्या दिवशी मिशी नव्हती. वीस वर्षं जपलेली मिशी! गिऱ्हाइकं सायकली पाहायची सोडून हा तमाशा पाहायची. कूलरची सगळी हवा त्याच्या अंगावर, आणि मी त्याच्या मागे घामाने निथळत उभा.

पावसाळा सरल्यावर त्याला मागच्या चाकाचे आरे खुपू लागले. "चाळीस आरे आहेत गा. ताक घुसळावं तसे हवा घुसळून राहिले." मी पत्रा सुचवला. जड होते, म्हणाला. प्लास्टिक सुचवलं. फडफडते, म्हणाला. आठ दिवसांनी चाक घेऊन आला. दोन्ही बाजूंनी कापड शिवलेलं, मोरपंखी रंगाचं. विणकर सुताला ताठपणा यावा म्हणून भाताची खळ देतात, तशी त्याने त्या कापडावर चार हात खळ चढवली होती. टिचकी मारली की तबल्यासारखं वाजायचं. चाक फिरवलं तर जराही आवाज नाही. मी बघतच राहिलो. असं चाक विकलं तर काय भाव येईल, हा विचार नंतर आला, पण आला.

दर रविवारी तो ते चाक लावून हिंगण्याला जाऊन यायचा आणि येताना दुकानात सांगायचा, "हवा कापून राहिलो!"

शर्यतीच्या सकाळी मी स्कूटरवर गेलो. डोमाजीसाठी नाही, सायकल माझ्या दुकानाची होती म्हणून. तलावातून तो बरा बाहेर आला. सात-आठ जण त्याच्याही मागे होते. निथळत्या चड्डी-बनियनवर सायकलवर चढला आणि सुटला. मी मागोमाग निघालो. मैलभरावर पाहतो तर हा रस्त्याच्या कडेला उभा. सीटवरून पाणी थेट मागच्या चाकावर ओघळलं होतं. खळ भिजून तिची पेज झाली, कापड लोंबलं आणि चेनमध्ये गुंतलं. चाक उन्हात तपासलं होतं, वाऱ्यात तपासलं होतं. तलावातून बाहेर येणारा माणूस ओला असतो, हे मात्र आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी डिकीतून ब्लेड काढलं. "सरक. दोन मिंटात फाडतो."

"हात नोको लावू."

"अबे, टेबल उचलतीन ते!"

"उचलू दे."

"वर्षभर माह्यं डोकं खाल्लं त्या टेबलासाठी, अन् आता उचलू दे?"

तो चाकाकडे पाहत म्हणाला, "माग विकला ना गा, त्याच्या आधीचं आहे हे. त्याच्यावरचं आखरी तीन वार कापड. ब्लेड नाही चालत याले."

मग मांडी घालून बसला आणि एकेक टाका उसवू लागला. बोटं खळीने चिकट झालेली, पण हाताला घाई नाही. मागचे सात-आठ जण एकेक करून पुढे गेले. मी त्याला, त्याच्या कापडाला आणि माझ्या नशिबाला येतील तेवढ्या शिव्या घातल्या. कापड सुटलं. त्याने ते झटकलं, घडी घातली, माझ्या हातात दिली. "खाली नोको ठेवू," म्हणाला आणि उघड्या आऱ्यांवर निघून गेला.

मी टेबलापाशी परत आलो तेव्हा दहाला पाच कमी होती. व्यायामशाळेचे सेक्रेटरी खुर्च्या गोळा करायला सांगत होते. ओली घडी काखेत धरून मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"शर्यत किती वाजता सुरू होणार होती?"

"सातला."

"झाली किती वाजता?"

"पाहुण्यांना जरा उशीर..."

"वीस मिनिटं! मग टेबलही दहा-वीसला उठेल. देताना एक माप आणि घेताना दुसरं, हा धंदा माझ्यासमोर चालायचा नाही!"

सेक्रेटरी पाच मिनिटांवर आले. मी वीसला धरून राहिलो. माझा आवाज असा चढला की पलीकडे संत्री सोलत बसलेले स्वयंसेवक उठून आले. शेवटी पंधरावर ठरलं.

दहा वाजून बारा मिनिटांनी डोमाजी पाय ओढत आला. नाव लिहिलं गेलं, सगळ्यांत खाली. त्याने रजिस्टर स्वतःकडे फिरवलं, नाव पाहिलं आणि शाई वाळावी म्हणून हळूच फुंकर घातली. माझे आभार वगैरे काही नाही. काखेतली घडी तेवढी मागून घेतली.

"चाल, चहा पी," म्हणाला.

इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्याच्या घरी पहिल्यांदाच गेलो. विणकरांच्या वस्तीत एक खोली. एक ताट, एक वाटी, दोरीवर एकाच माणसाचे कपडे. कपही एकच होता. दुसरा त्याने शेजारून मागून आणला. खोलीच्या मधोमध जमिनीत एक चौकोनी खड्डा होता. मागावर बसणारा विणकर त्यात पाय सोडतो. माग कधीच गेला होता, पण खड्डा स्वच्छ सारवलेला होता. डोमाजीने कापड धुऊन दोरीवर पसरलं, कप घेतला आणि त्या खड्ड्यात पाय सोडून बसला. समोर नुसती भिंत.

"बुजवला काहून नाही गा?" मी विचारलं.

"मंग पाय कुठं ठेवू?" तो म्हणाला.

त्याने थोडं सरकून मला जागा केली. खड्डा एकाच माणसाच्या मापाचा होता. मी कडेला बसून चहा प्यालो.