शुक्रवारपर्यंत वळू नये

आमच्या इलाने मंगळवारी मागे वळून पाहिलं, म्हणून मला आणि शंतनूला अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या तिच्या डेकेअरमध्ये तातडीने बोलावण्यात आलं. इला अडीच वर्षांची आहे. डायपर सुटायच्या आत मुलांना ग्रीक तत्त्वज्ञान यावं, असं या डेकेअरचं धोरण आहे, आणि प्रवेश मिळवताना आम्हालाही ते फार पटलं होतं.

त्या आठवड्याचा विषय होता आभास आणि वास्तव. जुन्या ग्रीकांच्या दृष्टान्तात गुहेत बांधलेली माणसं भिंतीवरच्या सावल्यांनाच जग समजतात; मग एक जण वळतो आणि त्याला उजेड दिसतो. हे कळावं म्हणून मुलांना पट्ट्याच्या खुर्च्यांत, भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. मागून टीचर टॉर्चच्या उजेडात हाताच्या सावलीचा ससा नाचवत होत्या.

"इला वळली," संचालिका मिस ब्रेंडा हळहळल्या. "वर 'नॉट बनी! हँड!' असं ओरडली."

"पण धडा तोच आहे ना?" मी विचारलं.

"अर्थात! पण वास्तव शुक्रवारी सव्वादहाला आहे. असंच चाललं, तर वरच्या वर्गातली तिची जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल."

गाडीत बसताच शंतनू म्हणाला, "यार, बाकीची मुलं बघतात ना गपचूप भिंतीकडे! हिलाच काय धाड भरलीय?"

"तुझ्यावर गेलीय."

"माझ्यावर? मॅनेजरच्या स्लाइड्स चालू असताना मी कधी मान तरी हलवलीय का?"

घरी आम्ही क्लास सुरू केला. आपल्या लोकांना दुसरं येतं काय? शंतनू टॉर्च धरायचा. मी इलाचे गाल तळहातांत घेऊन तोंड भिंतीकडे ठेवायचे. गाल ऊबदार, दुधाच्या वासाचे.

"आई, लुक!"

"भिंतीकडे, पिल्लू."

आधी ती खूप रडली. मग एकदा सशाला तिने 'हाय' केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी पालकांसमोर पट्टे सुटले, दार उघडलं, ऊन आत आलं. मुलं किंचाळत अंगणात पळाली. इला बसून राहिली. भिंतीवर आता ससासुद्धा नव्हता.

"इला," मी मागून हाक मारली. "बाळा, आई आलीय."

मान हलली नाही.

"केवढी ही एकाग्रता!" मिस ब्रेंडांचे डोळे भरून आले. "जागा पक्की!"

शंतनूने इलाचा पाठमोरा फोटो लगेच ग्रुपवर टाकला. अभिनंदन करणाऱ्या प्रत्येकाने पुढे एकच विचारलं, डेकेअरचा पत्ता काय? तुमच्याही मनात आलंच असेल. पाठवते. फक्त नाव लवकर घाला. उशीर केला की मूल तोवर आपलं आपण वळायला लागतं.