गिऱ्हाइकाचे कल्ले

बोईसरच्या बाजारात मासळी घेताना गिऱ्हाईक माशाचे कल्ले उचलून बघतं. मासळी विकणारी नवापूरची जमनामावशी मात्र गिऱ्हाइकाचेच कल्ले बघते. "भाऊ, आ कर!" म्हणाली की करायचा. आवाज असा, की ती टोपलीमागून ओरडली की तारापूरच्या कारखान्यात भोंगा समजून पाळी सुटते.

परवा टाय लावलेले एक साहेब सुरमई घ्यायला आले. मावशीनं भर बाजारात त्यांचा जबडा उघडायला लावला.

"हिरडी सुजलीय. रगत येतं ना?"

"कधीकधी..."

"मग आधी दाताचा डाक्टर, मग सुरमई. नाय देत जा!"

साहेब रिकामी पिशवी घेऊन गेले. एका कामगाराला "मुंह खोलो" म्हणाली, तर त्यानं घाबरून आख्खा गुटखाच गिळला. त्याला अशी उचकी लागली, की प्रत्येक उचकीला बाजारातली मांजरं मासळी टाकून पळायची. मी स्वतः पाहिलंय.

पूर्वी हीच मावशी उलटं बोलायची. कल्ला लालभडक तर मासा ताजा, हाच हिशेब तिनं नवऱ्याला लावला. धर्माकाकांच्या हिरड्या सुजून लाल झालेल्या, तर ही बाजारभर सांगे, "आमचा म्हातारा अजून ताजा हाय!"

मग काकांच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, हिरडीतले काही जंतू पोटात उतरून अशा गाठीत घर करतात, तिला बळ देतात असा संशय आहे. यांचं तसंच झालं हे मात्र सांगता येत नाही. पण किमोआधी तोंड साफ हवं. अंगातली ताकद घटली की तेच जंतू रक्तात शिरायचे.

मावशीनं यातलं एवढंच ऐकलं. "जंतू तोंडातून आत गेला, आन् मी त्याला ताजा म्हनत बसले."

काकांचे किडके दात काढले, हिरड्या साफ केल्या, किमो सुरू झाली. औषध लागू पडतंय का, ते अजून कळायचंय.

काल शेवटचं गिऱ्हाईक मीच. टोपलीत दोन टपोरी पापलेटं उरलेली. म्हटलं, "आज मावशीची चंगळ! घरी तळणार."

"नाय रे. तूच ने."

"का गं?"

तिचं बोलणं ऐकायला मला पहिल्यांदाच खाली वाकावं लागलं.

"औषधानं त्याचं तोंड सोललंय. पेज तेवढी जाते. तळणाचा वास नाकात गेला, तर खावंसं वाटंल ना त्याला." ती कोयती धूत राहिली. "मीबी पेजच खाते. त्याला सांगितलंय, माझी दाढ दुखते."